रुक्मा वळवींचा प्राणी

कर्तबगार माणसाच्या नावानं रस्ता होतो, चौक होतो, फार तर एखादा बंधारा होतो. रुक्माबाई वळवींच्या नावानं एक प्राणी होता. तो मेलेला होता, आणि मरूनही त्याला पाच कोटी चाळीस लाख वर्षं झाली होती. पण नवापूर तालुक्यातल्या त्यांच्या बोरपाड्याला त्याचं कौतुक गोठ्यातल्या जनावरापेक्षा जास्त होतं. शाळेच्या भिंतीवर त्याचं चित्र होतं. डुकराएवढं अंग, बारीक पाय, नाकाचा शेंडा जरा लोंबता, आणि खाली मोठ्या अक्षरांत नाव: आमझरलोफस वळवीए. पोरं ते नाव पाढ्यासारखं घडाघडा म्हणत. गावात पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी त्या भिंतीपाशी नेत.

रुक्माबाई बारावी शिकलेल्या. २०१२ साली, एकोणिसाव्या वर्षी, त्या हद्दीपलीकडच्या, गुजरातेतल्या आमझर लिग्नाइट खाणीत 'वेचणारी' म्हणून लागल्या. काम सांगायला सोपं आणि करायला जीवघेणं. कोळशाच्या थरांमधली काळी चिकणमाती पोत्यांत भरायची, पिंपात भिजवायची, चाळण्यांवर धुवायची, उरलेला चुरा वाळवायचा आणि ओल्या कुंचल्याच्या टोकानं त्यातून दात वेचायचे. पोतंभर मातीत चार दात मिळाले तर दिवस चांगला गेला. पुण्याच्या संस्थेतले डॉ. खांबेटे त्या दातांवर ग्रंथ लिहीत. दोन वर्षांनी त्यांना एका लहानशा प्राण्याचा जबड्याचा तुकडा मिळाला, दोन दातांसकट. तोही रुक्माबाईंनीच वेचलेला. खांबेट्यांनी त्या प्राण्याला त्यांचं नाव दिलं. गोऱ्या साहेबांची, संस्थानिकांची नावं लागलेल्या यादीत एका मावची आदिवासी मुलीचं नाव आलं.

आता २०४९ साल होतं. खांबेटे जाऊन बरीच वर्षं झाली होती. रुक्माबाई छप्पन्न वर्षांच्या होत्या, खाणीवरच्या शेडच्या प्रमुख होत्या, आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजल्यापासून खाण बुडणार होती.

बुडणार म्हणजे खरोखर बुडणार. कोळसा संपला होता. रात्रंदिवस पाणी उपसणारे पंप बंद केले की दहा दिवसांत पूर्वेची पायरी, म्हणजे जिथून हे सगळे दात येत ती पायरी, चाळीस फूट पाण्याखाली जाणार होती. कायद्यात एकच पळवाट होती. खाणीत अनोळखी वंशशाखा सापडली, तर दहा वर्षं पंप थांबवता येत नाहीत. ओळखीचा प्राणी असला आणि त्याचे पुरेसे नमुने जमलेले असले, तर खाण मोकळी. आणि शाखा ओळखीची की अनोळखी हे ठरवायचं काम माणसांकडे राहिलं नव्हतं. ते वंशमापक नावाचं यंत्र ठरवत असे.

या वंशमापकाची गोष्ट सांगायलाच हवी. टॅपिर हा लोंबत्या नाकाचा, डुकरासारखा दिसणारा प्राणी आज फक्त मलायाच्या बाजूला आणि अमेरिकेच्या जंगलांत उरला आहे. घोडा, गेंडा आणि टॅपिर हे तिघे एकाच कुळातले, विषम खुरांचे. भारत नुकताच आशियाला टेकत होता तेव्हा या तिघांचे पूर्वज इतके सारखे दिसत की त्यांच्या आयांनाही फरक कळला नसता. नंतर टॅपिरच्या घराण्यात डझनांनी शाखा फुटल्या आणि जवळजवळ सगळ्या वाळून गेल्या. हाडं कुजली, चिरडली. दातांवरचं कवच तेवढं टिकलं. त्यामुळे कोण कोणाचा चुलत आणि कोण मावस, हे दाढांवरच्या धारा पाहून ठरवायचं. ढोबळमानानं, दोन आडव्या धारा ठसठशीत असल्या तर टॅपिरचं घर. बाहेरच्या कडेची तिसरी धार जोर धरू लागली तर गेंड्याची वाट. पण मधले सगळे धड ना इकडचे ना तिकडचे. शंभर वर्षं विद्वान भांडले. एकानं कुळ काढायचं, दुसऱ्यानं मोडायचं, तिसऱ्यानं दोघांना मूर्ख ठरवायचं.

वंशमापकानं ही भांडणं मिटवली. दाढेचा माथा लाखभर बिंदूंवर मोजायचा, जगातल्या संग्रहालयांतल्या तीस लाख दातांशी ताडून पाहायचा आणि चार सेकंदांत वंशवृक्षावरची जागा टक्क्यांसकट सांगायची. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. हळूहळू लोकांनी दातांकडे पाहणंच सोडलं.

पूर्वेच्या पायरीबद्दल त्याचं उत्तर असं होतं. इथे टॅपिरचे दोन नातलग आहेत. मोठा, तो मंगोलियात सापडतो तोच, नव्व्याण्णव टक्के. लहान, तो वळवीए, तोही नव्व्याण्णव टक्के. चारशे बारा दात जमलेले, नमुना पुरेसा. अनोळखी कोणी नाही. खाण मोकळी.

हे उत्तर घेऊन मंगळवारी यंत्रासोबत जी मुलगी पुण्याहून आली, ती रुक्माबाईंचीच लेक होती. दर्शना वंशमापकाची प्रशिक्षित चालक होती. नियमाप्रमाणे तिनं शेवटच्या मोजणीसाठी वळवीएचा मूळ नमुना, तो जबड्याचा तुकडा, कुलूपबंद पेटीत आणला होता. मूळ नमुना म्हणजे ज्यावर नाव बांधलेलं असतं तो. जगात वळवीए कशाला म्हणायचं हे त्या दोन इंचांच्या तुकड्यावरून ठरत होतं. पेटी दर्शनाच्या अंगठ्यानंच उघडत होती.

"आई, तुझं नाव राहणार गं कायमचं," दर्शना म्हणाली. "खाण गेली तरी ते कोणी पुसत नाही."

"खाणीत अजून एकही कवटी निघालेली नाही. नावाचं काय लोणचं घालू?" रुक्माबाई म्हणाल्या आणि शेवटचं पोतं उपसायला गेल्या.

तिथे त्यांना पहिला धक्का बसला. भांडार विभागानं घाई करून चाळण्या आधीच ट्रकमध्ये भरून सुरतेला पाठवल्या होत्या. रुक्माबाईंनी त्या कारकुनाच्या सात पिढ्यांची विचारपूस केली, पण चाळण्या काही परत येणार नव्हत्या. मग त्यांनी माती जुन्या धोतराच्या फडक्यावर धुतली. बुधवारी दुपारी, वाळलेल्या चुऱ्यातून त्यांनी अकरा दात वेचले आणि टेबलावर ठेवले. मोठे आणि लहान, सगळे एकाच काळ्या कापडावर.

सदतीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं होतं. एरवी मोठ्या भोकांच्या चाळणीवर राहिलेला माल एका ट्रेमध्ये जाई आणि बारीक चाळणीवरचा दुसऱ्या. पहिल्या दिवशी एकोणीस वर्षांच्या रुक्मानं ते दोन ट्रे स्वतः लावले होते, नीटनेटकं दिसावं म्हणून. दोन्ही ट्रे पुण्याला वेगवेगळ्या खोक्यांतून जात आणि तिथे वेगवेगळ्या कपाटांत राहत.

शेजारी दिसले म्हणून त्यांनी सवयीनं दात जबड्यातल्यासारखे ओळीत मांडले. दोन दात वर्षानुवर्षं शेजारी असले की एकमेकांना घासतात आणि दोघांच्या बाजूंवर चपटी खूण पडते. लहान दाताच्या मागच्या बाजूची खूण मोठ्या दाताच्या पुढच्या खुणेवर बसली. जरा फिरवली. पुन्हा तशीच, केसाचंही अंतर न ठेवता बसली.

दोन वेगळे प्राणी एका जबड्यात कसे राहतील?

त्यांनी लहान दात उलटा केला. मुळं नव्हती. दुसऱ्यालाही नव्हती. त्या धावत दर्शनाच्या यंत्रापाशी गेल्या.

"चारशे बारा दातांतल्या किती दातांना पूर्ण मुळं आहेत, विचार त्याला."

"आई, ते फक्त माथा मोजतं. मुळं तुटलेली समजतं."

"मग तू फोटो बघून मोज."

दर्शनानं कुरकुरत मोजलं. मूळ नमुन्यातले दोन दात सोडले तर एकालाही पूर्ण मुळं नव्हती. सगळी आतून खाल्ल्यासारखी, जशी लहान पोराच्या पडलेल्या दाताची असतात. "आणि शेवटची दाढ? अक्कलदाढ?" रुक्माबाईंनी विचारलं. चारशे बारांत एकही नव्हती.

"चारशे दातांत एकही अक्कलदाढ नाही," रुक्माबाई म्हणाल्या. "असा कुठला प्राणी असतो गं? हा वेगळा प्राणी नाहीच. ही त्या मोठ्याची पिल्लं आहेत. हे दुधाचे दात आहेत."

दर्शनाचा चेहरा उतरला होता. यंत्र चुकलं यापेक्षा तिला दुसरंच आधी कळलं होतं. "म्हणजे वळवीए नाहीच?"

"नाही."

"आई, यंत्र नव्व्याण्णव टक्के सांगतंय!"

"त्याला कोणी शिकवलं? पुण्याच्या कपाटांनी. कपाटांना कोणी शिकवलं? माझ्या ट्रेंनी. जात मी ठरवली नव्हती पोरी, चाळणीनं ठरवली होती."

पण गोष्ट इथेच थांबत नव्हती, आणि हे रुक्माबाईंना दर्शनाच्या आधी उमगलं. मंगोलियातल्या प्राण्याच्या पिल्लांचे जबडे सापडलेले होते. त्याच्या दुधाच्या दातांवर टॅपिरच्या घराण्याच्या दोन धारा स्वच्छ होत्या. आमझरच्या दुधाच्या दातांवर त्या धड झालेल्याच नव्हत्या. तिथे मधला, जुना घाट होता. मोठेपणी दोघे सारखे दिसत, पण लहानपणी नाही. तेव्हा आमझरचा मोठा प्राणी मंगोलियाचा नव्हताच. टॅपिर आणि गेंडा यांच्या वाटा फुटण्याआधीची, जगात दुसरीकडे कुठेही न सापडलेली ती फांदी होती. आणि ती फांदी शुक्रवारनंतर पाण्याखाली जाणार होती.

गुरुवारी सकाळी संस्थेच्या संचालक डॉ. इरावती ठोसर खाणीच्या निरोप समारंभासाठी आल्या. त्या खांबेट्यांच्या विद्यार्थिनी. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, खुणा भिंगातून पाहिल्या आणि चष्मा काढून ठेवला.

"रुक्माबाई, तुमचं बरोबर असू शकतं. पण नुसत्या सुट्या दातांवरून दोन प्राणी एकच होते, हे यंत्र मानत नाही. एकाच जबड्यात वर दुधाचा दात आणि खाली न उगवलेला कायमचा दात, असा पुरावा हवा."

"आहे की. त्या पेटीत."

मूळ नमुन्यातले दात खरंच दुधाचे असतील, तर हाडाच्या आत त्यांच्या खाली कायमचे दात वाट पाहत असणार. पण ते दिसत नव्हते. लिग्नाइटमधली हाडं पायराइटनं, म्हणजे त्या खोट्या सोन्यानं, ठासून भरलेली असतात. क्ष-किरणांत तो तुकडा नुसता पांढरा गोळा दिसे. आत पाहायचं तर हाड फोडायला हवं होतं.

"मूळ नमुना फोडणं गुन्हा आहे," ठोसर म्हणाल्या. "पायराइटचं हाड बिस्किटासारखं ढासळतं. आत काही निघालं नाही तर नमुनाही गेला, नावही गेलं, माझी खुर्ची आणि तुमचं पेन्शनही गेलं. मी समिती नेमते. दोन महिने द्या."

"पाण्याला सांगा दोन महिने थांबायला."

ठोसरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

दुपारी बोरपाड्याहून रुक्माबाईंचा धाकटा भाऊ दिलवर आला. तो गावचा सरपंच. दर्शनानं त्याला फोन केला होता. आई आपलं ऐकत नाही, मामाचं तरी ऐकेल म्हणून.

"ताई, काय चाललंय हे?" दिलवर उभ्याउभ्याच म्हणाला. "आपल्या माणसांच्या नावानं जगात काय आहे सांग. डोंगरांना दुसऱ्यांची नावं, धरणांना दुसऱ्यांची. एक प्राणी आहे आपला. तोही तूच मारणार?"

हा घाव वर्मी लागला. रुक्माबाई खुर्चीवर बसल्या आणि बराच वेळ हातातला कुंचला पुसत राहिल्या. त्यांना ते नाव आवडत होतं. फार आवडत होतं. शाळेच्या भिंतीसमोरून जाताना त्या अजूनही पाऊल हळू टाकत. नवरा गेला त्या वर्षी त्या नावानंच त्यांना उभं धरलं होतं. हे सगळं त्यांनी दिलवरला स्पष्ट सांगितलं, आणि मग म्हणाल्या, "पण ते खोटं आहे रे. मला ठाऊक झालंय की ते खोटं आहे. आता पोरं ते नाव म्हणायला लागली की मला तोंड लपवावं लागेल. आणि त्या खोट्यापायी खरा प्राणी बुडणार. आपल्या लोकांना काय कमी बुडवलंय पाण्यात? मी हातानं बुडवू?"

दिलवरनं मान खाली घातली. दोघांच्या आजोळचं गाव धरणात गेलेलं होतं. तो परतही गेला नाही आणि होही म्हणाला नाही. भिंतीला टेकून बसला.

राहिली दर्शना. पेटी तिच्या अंगठ्याशिवाय उघडणार नव्हती, आणि उघडली की तिचा चालकाचा परवाना धोक्यात येणार होता. शुक्रवारी सकाळी रुक्माबाईंनी टेबल पुसलं, हवेवर चालणारी सुई लावली, भिंगाचा दिवा खाली ओढला आणि लेकीकडे पाहिलं. विनवलं नाही.

दर्शना म्हणाली, "काल मी यंत्राला एक प्रश्न विचारला. वळवीएबद्दलची तुझी खात्री कशावर उभी आहे? त्यानं चारशे बारा नोंदी दाखवल्या. प्रत्येकीपुढे एकच नाव. वेचणारी, रुक्मा वळवी." तिनं अंगठा टेकवला. "त्याचा तुझ्यावर एवढा विश्वास आहे, तर माझा का नसावा?"

"दर्शना!" ठोसर उठल्या. "मी हे थांबवू शकते."

"थांबवा मॅडम," रुक्माबाई म्हणाल्या. "पण मग खांबेटे सरांच्या चुकीवर तुम्ही जाणूनबुजून सही केली, असं मी पुण्यात येऊन ओरडून सांगेन. सर असते तर त्यांनी स्वतः सुई उचलली असती, हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे."

ठोसर उभ्याच राहिल्या. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि भिंगाचा दिवा दुसऱ्या बाजूनं धरला. "जिभेच्या बाजूनं जा," त्या हळूच म्हणाल्या. "तिकडे हाड पातळ असतं."

पाच तास लागले. सुई एका जागी दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवायची नाही, प्रत्येक थरानंतर डिंकाचा थेंब, मग वाट पाहायची. दोनदा हाडाला तडा गेला. दुसऱ्या वेळी एक कपचा उडाला आणि दर्शनानं डोळे मिटून घेतले, पण रुक्माबाईंचा हात हलला नाही. पिवळी चकाकी खरवडून निघत होती, आत आणखी पिवळीच लागत होती. दीड वाजता ठोसर म्हणाल्या, "पुरे. काही नाही आत." रुक्माबाईंची सुई चालूच राहिली.

अडीच वाजता पिवळ्यात काळं दिसलं.

कोळशातल्या दाताचा तो काळा रंग, ओल्या जांभळासारखा. आधी टाचणीच्या डोक्याएवढा, मग गव्हाएवढा, आणि शेवटी दुधाच्या दाताच्या थेट पोटाखाली एक अख्खा माथा उघडा पडला. त्यावर एकही ओरखडा नव्हता, कारण तो कधी उगवलाच नव्हता. पिल्लू त्याआधीच मेलं होतं. मोठ्या प्राण्याच्या जबड्यात त्या जागी जो दात असे, अगदी तोच. ठोसरांनी दिवा टेबलावर टेकवला.

"बाईसाहेब," त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी रुक्माबाईंना अशी हाक मारली होती.

दर्शनानं तुकडा वंशमापकाखाली ठेवला. या वेळी चार सेकंद पुरले नाहीत. यंत्रानं दोन्ही दात एका प्राण्याचे मानले, चारशे बारा नोंदी मोठ्याच्या खात्यात ओतल्या, मंगोलियाशी असलेलं नातं तोडलं, आणि अकरा मिनिटांनी पडद्यावर आलं: अनोळखी शाखा. टॅपिर-गेंडा फाट्याच्या आधी. संरक्षण लागू. त्याखाली लाल अक्षरांत: 'वळवीए' हे नाव दुधाच्या दातांवर बांधलेले, म्हणून अवैध. रद्द करण्यासाठी झालेल्या चुकीची जबाबदारी नोंदवा.

दर्शनानं पटकन लिहिलं: पद्धतीतील मर्यादा.

"हे कोणाचं नाव?" रुक्माबाईंनी विचारलं.

"असंच लिहितात आई. सगळे असंच लिहितात."

"खोड ते. लिही, रुक्मा वळवी, वेचणारी. चाळण्या दोन होत्या म्हणून ट्रे दोन केले, आणि सदतीस वर्षं पुन्हा एकत्र करून पाहिले नाहीत."

"ताई, एवढं तरी सोड," दिलवर भिंतीपासून म्हणाला. काल दुपारपासून तो तिथेच होता. "नाव गेलं ते गेलं. वर हा डाग कशाला?"

"डाग कसला? आपल्यासारख्यांचं काम साधतं तेव्हा नाव मोठ्यांचं लागतं, आणि चुकतं तेव्हा पद्धतीचं. माझी चूक आहे. एवढी मोठी चूक, की साऱ्या जगाच्या यंत्रानं ती पाठ केली. ती मी कोणाला देणार नाही."

दर्शनानं लिहिलं. यंत्रानं पुढचा रकाना उघडला: दुरुस्ती कोणी केली? तिनं न विचारता तेच नाव पुन्हा टाकलं. दिलवर उठून जवळ आला, पडद्यावर वाकला आणि बोट ठेवून दोन्ही ओळी वाचल्या. मग त्यानं खिशातून फोन काढून पडद्याचा फोटो घेतला. "भिंतीवर लिहायला," तो कोणाकडेही न पाहता म्हणाला.

पाचला दहा मिनिटं कमी असताना खाणीचा अभियंता पंप बंद करण्याचा कागद घेऊन सहीसाठी आला. ठोसरांनी त्याला यंत्राचा पडदा दाखवला. तो गोंधळला, वरिष्ठांना फोन लावू लागला.

"आणि मॅडम, शेवटचा रकाना राहिलाय," दर्शना म्हणाली. "प्राण्याचं नवं नाव."

ठोसरांनी रुक्माबाईंकडे पाहिलं. "नियमानं मला देता येईल. पुन्हा तुमचंच देते. या वेळी खरं असेल."

रुक्माबाईंनी एप्रन काढला नव्हता. त्यांनी कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि रिकामं पोतं खांद्यावर टाकलं.

"दातांवरून एकदा नाव ठेवून बघितलं ना? आता रिकामा ठेवा तो रकाना. आधी त्याची कवटी काढते." दारात उभ्या अभियंत्याला त्या म्हणाल्या, "हो बाजूला. आणि पंपांवर माणूस ठेव. पूर्वेच्या पायरीला पाणी लागलं तर तुझ्याकडेच येईन."

आणि त्या उतरणीच्या रस्त्यानं खाणीत निघाल्या.